रुग्णाचा प्रश्न आणि उत्तराची अमानत

ह. जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना सुनन अबू दाऊदमध्ये तहारतच्या प्रकरणात नोंदलेली आहे. काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाला दगड लागला आणि डोक्याला जखम झाली. पुढे त्या जखमी माणसावर गुस्ल वाजिब झाले. डोक्यावर पाणी घेणे धोक्याचे आहे, हे त्याला जाणवत असावे. म्हणून त्याने सोबत्यांना विचारले की, माझ्यासाठी तयम्मुमची सवलत आहे का? सोबत्यांनी उत्तर दिले की, पाणी मिळत असताना तुझ्यासाठी कोणतीही सवलत आम्हाला दिसत नाही. त्याने आंघोळ केली आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. परत आल्यावर ही हकीकत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी घालण्यात आली, तेव्हा आपण (स.) अतिशय संतप्त झालात. त्या माणसाच्या मृत्यूचा दोष आपण (स.) उत्तर देणाऱ्यांवर ठेवला आणि फर्माविले की, त्यांना ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारून का घेतले नाही? अज्ञानाच्या रोगावर विचारणे हाच इलाज आहे.

बंधू-भगिनींनो, ही हदीस मदरशांत बहुधा तयम्मुमच्या मसल्यासाठी शिकविली जाते. परंतु तिच्यात आजारी माणसाशी कसे बोलावे आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याचाही मोठा धडा आहे. आपल्या घरांतील रुग्ण, त्यांची देखभाल करणारे नातलग, आणि परिचारिका, आशाताई, वॉर्डबॉय, औषध दुकानदार किंवा डॉक्टर म्हणून काम करणारी आपली मुले-मुली, या सर्वांनी तो धडा शांतपणे वाचावा असा आहे.

जखम न पाहता दिलेले उत्तर

प्रथम हे लक्षात घ्या की त्या घटनेत कोणाचीही नियत वाईट नव्हती. उत्तर देणारे त्याचे वैरी नव्हते, प्रवासातील सोबती होते. ते दीनची पर्वा करणारे होते, म्हणूनच त्यांनी सवलत देण्यास कचरून कडक उत्तर दिले. त्यांची चूक एवढीच की त्यांनी नियम पाहिला आणि समोरच्या माणसाची जखम पाहिली नाही. दुसरी चूक अशी की, आपल्याला पूर्ण माहिती नाही हे कबूल करण्याऐवजी त्यांनी ठामपणे उत्तर दिले. चांगल्या हेतूने दिलेल्या त्या उत्तराने एक जीव गेला. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) हेतूचा विचार करून ही बाब सोडून दिली नाही, यावरून उत्तराची जबाबदारी किती मोठी आहे हे कळते.

जखमी माणसाने मात्र आपले कर्तव्य केले होते. तो गप्प राहिला नाही, त्याने विचारले. ज्यांना विचारले त्यांनी एक वाक्य उच्चारावयास हवे होते: आम्हाला माहीत नाही, जाणकाराला विचारू. दिव्य कुरआनात सूरह अन्-नहल (१६:४३) मध्ये हीच शिकवण आहे की, तुम्हाला ज्ञान नसेल तर ज्ञान असलेल्यांना विचारा. आणि सूरह बनी इस्राईल (१७:३६) मध्ये बजाविले आहे की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाचा जाब विचारला जाणार आहे.

आता आपल्या घरांकडे पाहा. अम्मीचे गुडघे सुजले की शेजारीण गोळीचे नाव सांगते. बाळाला जुलाब लागले की त्याचे पाणी आणि दूध तोडण्याचा सल्ला घरातील वडीलधारे देतात, जेव्हा त्या बाळाला सर्वांत जास्त गरज असते ती क्षार-साखरेच्या पाण्याची आणि आईच्या दुधाची. मोबाइलवर कोणी तरी पाठविलेला संदेश डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो. हे सर्व त्या प्रवासातील सोबत्यांसारखेच प्रेमळ लोक आहेत. पण प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे की, जो वैद्यकाचे ज्ञान नसताना इलाज करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार असतो (अबू दाऊद, नसाई). हा इशारा केवळ दवाखाना उघडून बसलेल्या भोंदूसाठी आहे, असे समजून आपण सुटू शकत नाही.

२०२२ सालच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ पसरली आणि तिच्यात बालके दगावली. ज्या वस्त्यांना तिची झळ बसली त्यांत आपल्या समाजाची मोठी वस्ती होती. गोवरावर लस आहे. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. तरीही कितीतरी बालके लसीपासून वंचित राहिली होती. कोणाला सवड नव्हती, कोणाला ठिकाण ठाऊक नव्हते, आणि कोणाच्या मनात ऐकीव गोष्टींचे भय होते. त्या वेळी आरोग्य खात्याने उलेमांकडे मदत मागितली आणि अनेक मशिदींतून लसीचे आवाहन झाले. सूरह अल-हुजुरात (४९:६) मध्ये ईमानधारकांना सांगितले आहे की, एखादी खबर आली तर तिची शहानिशा करा, न जाणता कोणाला हानी पोहोचवू नका आणि मग पश्चात्ताप करीत बसू नका. ज्या बाळाला स्वतः विचारता येत नाही, त्याच्या वतीने शहानिशा करणे हे आई-वडिलांवर सोपविलेले काम आहे.

रमजान आणि न विचारलेला प्रश्न

त्या हदीसचे आजचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याला रमजानमध्ये दिसते. मधुमेहाचा रुग्ण रोजे ठेवू इच्छितो. डॉक्टरांना विचारले तर ते नको म्हणतील या धास्तीने तो विचारतच नाही. डॉक्टरही पुष्कळदा आपण होऊन विषय काढत नाहीत. मग तो स्वतःच्या मनाने सकाळची गोळी सोडतो, किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत घेऊन दिवसभर उपाशी राहतो. दुपारी हातपाय थरथरू लागतात, घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे लोक त्याला रोजाचा थकवा समजतात. वस्तुतः ती रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरल्याची लक्षणे असतात.

सूरह अल-बकरा (२:१८४-१८५) मध्ये आजारी आणि प्रवासी यांना इतर दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे आणि तेथेच हेही सांगितले आहे की, अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छित नाही. ही सवलत कोणाला लागू होते हे ठरविण्यासाठी दोन जाणकार लागतात: शरीराची स्थिती सांगणारा डॉक्टर आणि शरीअतचा मसला सांगणारा आलिम. दोघांपैकी एकालाच विचारले तर उत्तर अपुरे राहते. दोघांपैकी कोणालाच विचारले नाही, तर आपण त्या प्रवासातील सोबत्यांच्या जागी स्वतःलाच बसविले असे होते.

म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: मी रोजे ठेवू शकतो का? ठेवता येत असतील तर सेहरीला कोणती गोळी, इफ्तारला कोणती आणि किती? बऱ्याच रुग्णांसाठी औषधाची वेळ आणि मात्रा बदलून मार्ग निघतो. काहींसाठी निघत नाही. साखर ७० च्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडून द्यावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. एवढी माहिती वेळेवर विचारली आणि सांगितली गेली, तर कितीतरी घरांवरील संकट टळेल.

ज्याला विचारले जाते त्याच्यासाठी

आता त्या भावा-बहिणींशी बोलू या, ज्यांच्याकडे रुग्ण प्रश्न घेऊन येतात. सूरह अद्-दुहा (९३:१०) मध्ये अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) ‘साइल’ला झिडकारू नये असा आदेश दिला. भाष्यकारांनी या शब्दात मदतीसाठी हात पसरणारा आणि काही जाणून घेण्यासाठी विचारणारा, असे दोघेही धरले आहेत. केसपेपर हातात घेऊन तासभर रांगेत उभी राहिलेली म्हातारी हे दोन्ही असते. तिला मदतही हवी असते आणि उत्तरही. ‘तुम्हाला सांगून काय कळणार?’ असे म्हणून तिला वाटेला लावणे ही या आदेशाची उघड अवज्ञा आहे.

प्रेषितांची (स.) बोलण्याची रीत कशी होती? ह. आयेशा (रजि.) सांगतात की, कोणी आपले (स.) शब्द मोजू म्हटले तर मोजू शकला असता, इतक्या सावकाश आपण (स.) बोलत असत (बुखारी, मुस्लिम). ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार, नीट समजावे म्हणून आपण (स.) एखादी गोष्ट तीन-तीनदा सांगत असत (बुखारी). ज्यांच्यावर साऱ्या मानवजातीला मार्ग दाखविण्याचे काम सोपविले होते, त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगण्यास वेळ होता. वॉर्डात गर्दी असते, एकेका सिस्टरवर तीन माणसांचे काम असते, हे खरे आहे. तरीही घाईत न समजलेली सूचना रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात आणते, आणि कधी कधी अशा अवस्थेत आणते की मग सांगण्यासारखे काही उरत नाही.

आणखी एक घटना पाहा. प्रेषितांनी (स.) ह. बरा बिन आजिब (रजि.) यांना झोपताना म्हणावयाची दुआ शिकविली. ह. बरा (रजि.) यांनी ती लगेच आपल्यासमोर म्हणून दाखविली. तिच्यातील ‘नबी’ या शब्दाच्या जागी त्यांच्या तोंडून ‘रसूल’ हा शब्द आला, तेव्हा आपण (स.) तेथेच दुरुस्ती केली (बुखारी, मुस्लिम). आज परिचर्येच्या शिक्षणात सांगितले जाते की, सूचना देऊन झाल्यावर ‘समजले का?’ एवढेच विचारू नये, कारण संकोचाने प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा’ असे म्हणावे. म्हणजे चूक तेथेच कळते आणि तेथेच दुरुस्त होते. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याकडून ऐकून घेण्याचा हा परिपाठ आपल्याला सुन्नतमध्ये आधीच मिळालेला आहे.

आणि नरमाई. सूरह ताहा (२०:४४) मध्ये ह. मूसा (अ.) आणि ह. हारून (अ.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवितानाही सौम्यपणे बोलण्याची आज्ञा झाली. आपल्यासमोर खोकत बसलेला मजूर फिरऔन नाही आणि आपण मूसा (अ.) नाही. मग त्याच्यावर ओरडण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? सूरह आले-इम्रान (३:१५९) मध्ये तर स्वतः प्रेषितांना (स.) उद्देशून सांगितले आहे की, आपण कठोर आणि पाषाणहृदयी असता तर लोक आपल्याभोवतून पांगले असते. आरोग्य केंद्रातून पांगलेले रुग्ण भोंदूबाबाच्या दारी जमतात, हे आपण रोज पाहतो.

लोकांच्या भाषेत

सूरह इब्राहीम (१४:४) मध्ये अल्लाहने सांगितले आहे की, प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविला गेला, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे. सत्य संदेशही ऐकणाऱ्याच्या भाषेत आल्यावाचून पोहोचत नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्या शिक्रापूरजवळच याचे एक उत्तम उदाहरण आहे. १९७० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्या पारशी होत्या, शहरातील नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. परंतु केवळ शहरातून डॉक्टर पाठवून खेड्यातील आई आणि बाळ वाचणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी गावातीलच साध्या स्त्री-पुरुषांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. ज्यांची बोली तीच, ज्यांचे चूल-चुलाण तसेच, अशा माणसांनी गरोदरपणाची काळजी, बाळाचे वजन आणि कुटुंबनियोजन यांविषयी दारोदारी जाऊन सांगितले. १९९३ मध्ये डॉ. कोयाजींना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आशाताईंची कल्पनाही याच विचारावर उभी आहे: गावाची स्त्री, गावाच्या भाषेत, गावाच्या दारात. अशी आशाताई आपल्या दारी आली तर तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवू नका. ती आपले प्रश्न ऐकण्यासाठीच चालत आलेली असते.

पुणे-अहिल्यानगर महामार्ग आणि चाकणचा रस्ता जेथे मिळतो, त्या शिक्रापुरात आज केवळ एकच बोली ऐकू येत नाही. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथील कुटुंबे येथे राहतात. त्यांच्यातील कितीतरी आपले दीनी बांधव आहेत. चिठ्ठीवर मराठीत ‘सकाळी एक, उपाशीपोटी’ असे लिहिले, तर नुकत्याच आलेल्या मजुराला ते वाचता येत नाही. वाचता आले तरी रात्रपाळी करून सकाळी जेवून झोपणाऱ्याची सकाळ कोणती आणि त्याचे पोट उपाशी केव्हा, हे त्याला विचारल्यावाचून कळत नाही. प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून ह. जैद बिन साबित (रजि.) यांनी पंधरवड्याच्या आत यहुदींची लिपी शिकून घेतली होती, जेणेकरून त्यांची पत्रे वाचता आणि लिहिता यावीत (तिर्मिजी). ज्याला मराठी आणि हिंदी-उर्दू दोन्ही येतात अशा आपल्या तरुणाने शेजारच्या परप्रांतीय रुग्णासोबत एक सकाळ दवाखान्यात घालविली, तर ते या सुन्नतचेच अनुसरण ठरेल. फक्त एक पथ्य पाळावे: रुग्ण जे बोलला तेच डॉक्टरला सांगावे आणि डॉक्टर जे बोलले तेच रुग्णाला. मधल्या माणसाने आपल्या पदरचे काही मिसळू नये.

जिच्या वतीने दुसरेच बोलतात

हा मधला माणूस आपल्या घरांतही असतो. डॉक्टर स्त्रीला विचारतात, ‘कुठे दुखते?’ आणि उत्तर शौहर देतो, किंवा मुलगा देतो, किंवा सासू देते. ती मान खाली घालून बसते. तिचा अंगावरून जाण्याचा त्रास, स्तनातील गाठ, बाळंतपणानंतर मनाला आलेली उदासी, यांपैकी काहीही त्या खोलीत उच्चारले जात नाही. मग आजार वाढतो आणि आपण त्याला तकदीर म्हणतो.

हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु ह. आयेशा (रजि.) यांनी मदीनेच्या अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली ती यासाठी की, दीन समजून घेण्याच्या आड त्यांनी लज्जेला येऊ दिले नाही (मुस्लिम). त्यांच्यापैकी एकीने मासिक पाळीनंतरच्या स्वच्छतेविषयी थेट प्रेषितांना (स.) विचारले. आपण (स.) उत्तर दिले, पण अधिक उघड बोलण्यास आपल्याला (स.) संकोच वाटला. तेव्हा ह. आयेशा (रजि.) यांनी त्या स्त्रीला आपल्याजवळ ओढून घेतले आणि हळूच समजावून सांगितले (बुखारी, मुस्लिम). या एका प्रसंगात सर्व काही आहे. स्त्रीने विचारले, तिला कोणी गप्प केले नाही, आणि एका जाणत्या स्त्रीने तिची लाज राखून तिला पूर्ण उत्तर दिले.

तेव्हा पुरुष बांधवांनो, दवाखान्यात आपल्या पत्नीला, आईला, मुलीला स्वतः बोलू द्या. गरज असेल तर स्त्री डॉक्टर किंवा सिस्टरजवळ तिला एकटीला बसू द्या. आणि ज्या घरांतील मुली परिचारिका होऊ इच्छितात त्यांना अडवू नका. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या ह. साद बिन मुआज (रजि.) यांना ज्या तंबूत ठेवण्यात आले, तेथे रुफैदा (रजि.) नावाच्या एका स्त्रीच्या हाती जखमींची सेवा होती. आपल्या स्त्रियांशी त्यांच्या भाषेत, त्यांची हया राखून बोलणारी कोणी असावी असे वाटत असेल, तर ती कोणाच्या तरी घरातूनच यावी लागेल.

ऐकलेल्याची अमानत

रुग्ण विचारतो तेव्हा आपले गुपितही उघड करतो. प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे की, ज्याचा सल्ला घेतला जातो त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो (अबू दाऊद, तिर्मिजी). वॉर्डात ऐकलेले घरी सांगणे, आशाताईने एका घरातील गोष्ट दुसऱ्या ओसरीवर नेणे, औषध दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारणे, ही सर्व त्या अमानतीतील खियानत आहे.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. त्यावर सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. साधा क्षयरोग सहसा सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो. आणि नि-क्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात. तरीही घरातील तरुण मुलीला क्षयरोग झाला की निकाह मोडेल या भयाने तो लपविला जातो, औषधे मध्येच सोडली जातात, आणि मग रोग त्या औषधांना दाद देईनासा होतो. तोंडातून गेलेल्या एका शब्दाचे भय एवढे मोठे असते. ज्या मोहल्ल्यात लोक गुपित राखतात, त्या मोहल्ल्यातच रुग्ण वेळेवर बोलतात.

आशा आणि सत्य

सर्वांत अवघड उत्तर असते ते असाध्य आजाराच्या रुग्णाला द्यावयाचे. अब्बांना कर्करोग आहे हे सर्वांना ठाऊक असते, फक्त अब्बांना नाही. प्रेमापोटी आपण त्यांच्यापासून लपवितो. परंतु त्यांचे कोणाचे देणे असेल, कोणाची माफी मागावयाची असेल, वसीयत लिहावयाची असेल, सुटलेल्या रोजांचा फिदया द्यावयाचा असेल, तर त्यासाठी लागणारा वेळ आपण त्यांच्याकडून काढून घेतलेला असतो. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्यावाचून दोन रात्रीही काढू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम).

मग एकदम सत्य तोंडावर फेकावे काय? ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग येथे मार्ग दाखवितो. निरोपाच्या हजच्या वेळी ते मक्केत इतके आजारी पडले की मृत्यू समोर दिसू लागला. प्रेषित (स.) भेटीस आले. सादनी (रजि.) संपत्तीच्या वसीयतीविषयी विचारले. आपण (स.) विषय टाळला नाही, ‘असे अशुभ बोलू नकोस’ असे म्हटले नाही. शांतपणे मसला सांगितला की, एक तृतीयांशापर्यंत, आणि तेही पुष्कळ आहे. त्याच भेटीत आपण (स.) ही आशाही व्यक्त केली की, कदाचित तू पुढे जगशील आणि लोकांना तुझ्यापासून लाभ होईल (बुखारी, मुस्लिम). ह. साद (रजि.) पुढे अनेक वर्षे जगले. एकाच भेटीत सत्य आणि आशा दोन्ही दिल्या गेल्या, कारण विचारणाऱ्याला जेवढे हवे होते तेवढे सांगितले गेले आणि त्याला एकटे सोडले गेले नाही. आपणही रुग्णाला आधी विचारावे की, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते, किती जाणून घ्यायचे आहे? त्याच्या पावलाने चालावे. खोटे मात्र बोलू नये. सूरह अल-अहजाब (३३:७०) मध्ये अल्लाहचे भय बाळगण्याच्या आदेशासोबतच सरळ आणि योग्य बोलण्याचा आदेश आहे.

दवाखान्याच्या दारात

शेवटी रुग्णाच्या नातलगांसाठीही एक गोष्ट. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांमुळे महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. दुःखाने माणूस बेभान होतो, हे खरे. परंतु आवाज चढला की प्रश्न बुडतो. सूरह लुकमान (३१:१९) मध्ये ह. लुकमान यांनी मुलाला केलेल्या उपदेशात आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे. ज्या सिस्टरला आपण शिवी दिली, तिच्याकडे रात्री दोन वाजता काही विचारावयास आपल्यालाच जावे लागते.

म्हणून दवाखान्यात जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आजार कोणता आहे? औषध कसे, किती दिवस, जेवणाआधी की नंतर? कोणते लक्षण दिसले तर तातडीने परत यावे? काय टाळावे? उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारावे. त्यात कमीपणा नाही. आणि आपण दुसरीकडून कोणते औषध घेत आहोत, कोणती गोळी सोडली आहे, हे न विचारताही सांगावे. शक्य असेल तेथे जमाअतीच्या जबाबदारांनी रमजानपूर्वी एखाद्या जुम्याला नमाजनंतर डॉक्टर आणि आलिम या दोघांना एकत्र बसवून लोकांना मोकळेपणाने विचारू द्यावे, आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था करावी.

सहीह मुस्लिममधील एका हदीसे कुदसीत येते की, कियामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की, मी आजारी होतो, तू माझ्या भेटीला का आला नाहीस? दास म्हणेल, हे पालनकर्त्या, तू तर साऱ्या विश्वाचा स्वामी आहेस! तेव्हा उत्तर मिळेल की, माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे भेटला असतास. ज्या खाटेजवळ ही भेट होते, त्या खाटेजवळ आपल्या तोंडून कोणते शब्द निघतात, याचा आपण प्रत्येकाने विचार करावा.

हे अल्लाह! आमच्या रुग्णांना शिफा दे. त्यांची सेवा करणाऱ्यांच्या जिभेत नरमाई आणि ज्ञानात वाढ दे. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणण्याचे धैर्य आम्हाला दे, विचारण्याची लाज आमच्या मनातून काढून टाक, आणि आम्हाला विचारणाऱ्याला आमच्या दारातून कधी निराश होऊन जाऊ देऊ नकोस. आमीन.